पुन्हा तेच अक्षर

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

कवीला भाषणाला बोलावलं की तो शेवटी कविता वाचणार, अशी लोकांची खात्री असते. आज मी कविता वाचणार नाही. एका साध्या प्रश्नाचा इतिहास सांगणार आहे. लिहिलेल्या मजकुरात एखादं अक्षर किंवा शब्दाचा तुकडा पुन्हा आला, तर तो ओळखायचा कसा, हा तो प्रश्न. त्याचा प्रवास बसरा-बगदादपासून सुरू होतो, पोलंडमार्गे अमेरिकेत न्यू जर्सीला पोचतो आणि सांगलीत माझ्या घरी येऊन थांबतो. पण मला हा प्रश्न घरातच पडला, म्हणून सुरुवात घरापासून करतो.

माझी अम्मी शाळेत गेली नव्हती. आमच्या घरात दखनी आणि मराठी एकाच ताटात जेवायच्या. अम्मीच्या बोलण्यात दिवा नुसता जळत नसे, मिणमिण करत असे. पाऊस भुरभुर यायचा, आमटी खदखद उकळायची, लहान पोर लुटुलुटु चालायचं आणि शेजारीण उगाच करकर करायची. मराठीच्या व्याकरणात अशांना अभ्यस्त शब्द म्हणतात, आणि आवाजाची नक्कल करणारे असतील तर अनुकरणवाचक. बी.ए.ला हे वाचलं तेव्हा मला गंमत वाटली. परीक्षेसाठी पाठ करायचं ते सगळं आमच्या चुलीपाशी फुकट मिळत होतं. मी एक वही केली आणि अम्मीच्या तोंडचा असा शब्द आला की त्यात टिपायला लागलो. एका ओळीवर एक शब्द. अर्थ लिहिला नाही. अर्थ कशाला लिहायचा, तो तर घरात सगळ्यांना ठाऊक!

१९९८ च्या सुमारास माझ्या कविता, गझला, पत्रं, भाषणं असं सगळं मी एका डीटीपीच्या दुकानात टाइप करून घेतलं. त्यातच कुठंतरी ती शब्दांची यादीही टाइप झाली. दुकानदारानं सगळं एका सीडीवर घालून दिलं. २००६ मध्ये अम्मी गेली. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचं पाणी सांगलीत शिरलं, तेव्हा खालच्या खोलीतली कपाटं दोन-तीन दिवस पाण्यात होती. वही त्यात होती. नंतर ती हातात घेतली तर पानांचा लगदा झालेला.

मग सीडीची आठवण झाली. ती माळ्यावर कोरडी होती. भाच्यानं ती संगणकात घातली आणि फाइल उघडली, तर पडद्यावर इंग्रजी अक्षरं, कंस, टक्के, स्वल्पविराम यांची नुसती खिचडी. मराठीचं एक अक्षर नाही.

याचं कारण त्या काळच्या टंकलेखनात आहे. तेव्हाचे बरेच मराठी फॉन्ट म्हणजे एक प्रकारचा मुखवटा होता. संगणक आत इंग्रजी अक्षराचा क्रमांक साठवायचा आणि फॉन्ट त्या जागी देवनागरीचं चित्र काढायचा. मुखवटा बसवला तर मराठी, काढला तर खिचडी. आमच्या दुकानदाराचा फॉन्ट त्यानं स्वतः थोडा फिरवून घेतलेला होता. दुकान केव्हाच बंद झालं, दुकानदार गाव सोडून गेला. हल्ली असे जुने फॉन्ट युनिकोडमध्ये बदलून देणारी साधनं मिळतात, ती भाच्यानं लावून पाहिली. एकही बसलं नाही. साडेतीनशे-चारशे पानांचा ऐवज हातात होता, पण कुलूपबंद.

तेव्हा भाचा म्हणाला, “मामू, वाचता येत नाही म्हणून शोधता येत नाही, असं थोडंच आहे?”

त्यानं एक काळी खिडकी उघडली. तिच्यात चित्रं नाहीत, बटणं नाहीत. आपण एका ओळीत आज्ञा लिहायची आणि संगणकानं उत्तर द्यायचं. संगणकवाले तिला कमांड लाइन म्हणतात. त्यानं ग्रेप नावाच्या आज्ञेपुढं काही खुणा लिहिल्या. मी त्यांचा अर्थ विचारला. त्यानं सांगितलं ते इतकं सोपं होतं की नभोवाणीवरूनही सांगता येईल.

टिंब म्हणजे कुठलीही एक खूण. कुठली ते विचारायचं नाही. टिंबापुढं अधिकचं चिन्ह असेल तर एक किंवा अनेक खुणा. कंस म्हणजे आत जे सापडेल ते लक्षात ठेव. आणि उलटी तिरपी रेघ काढून पुढं एक आकडा लिहिला, तर पहिल्या कंसात जे सापडलं तेच, जसंच्या तसं, पुन्हा. आता हे एकत्र वाचा. कंस, टिंब, अधिक, कंस बंद, तिरपी रेघ, एक. म्हणजे काहीतरी, आणि लगेच पुन्हा तेच. खदखद या साच्यात बसतो, भुरभुर बसतो, करकर बसतो. यंत्राला खदखद म्हणजे काय हे ठाऊक नाही. ख कसा दिसतो हेही ठाऊक नाही. पण पहिला अर्धा आणि दुसरा अर्धा एकच आहे, एवढं त्याला कळतं.

आणि मुखवटा काढला तरी हे बदलत नाही. ख च्या जागी आणखी कुठली खूण साठवलेली असो, दोन्ही ख च्या जागी ती सारखीच असणार. मजकूर वाचता येत नसला तरी त्याची पुनरावृत्ती उघडीच राहते.

मला वाटलं ही संगणकाची हुशारी. घरी जाऊन वाचायला लागलो, तेव्हा कळलं की ही गोष्ट संगणकाहून हजार वर्षांनी जुनी आहे.

नवव्या शतकात बगदादमध्ये अल-किंदी नावाचा तत्त्वज्ञ होऊन गेला. गुप्तलिपी उलगडण्यावर त्यानं एक छोटा ग्रंथ लिहिला. त्याचं हस्तलिखित इस्तंबूलच्या सुलेमानिया ग्रंथसंग्रहात मिळालं आणि १९८७ मध्ये दमास्कसला छापलं गेलं. अल-किंदी सांगतो, की गुप्त मजकूर ज्या भाषेतला आहे त्याच भाषेतला दुसरा, साधा मजकूर घ्या. त्यात कुठलं अक्षर किती वेळा येतं ते मोजा. मग गुप्त मजकुरातल्या खुणा मोजा आणि दोन्ही याद्या शेजारी ठेवा. जास्त वेळा येणारी खूण म्हणजे जास्त वेळा येणारं अक्षर. कुठलं अक्षर कुठल्या अक्षराशेजारी बसतं आणि कुठल्याशेजारी बसत नाही, याचाही विचार त्यानं केला होता. अक्षराला कितीही वेष बदलायला लावा, त्याची पुन्हा पुन्हा येण्याची सवय जात नाही, हे त्यानं ओळखलं.

त्याच्याही आधी, आठव्या शतकात, बसऱ्याला खलील इब्न अहमद होऊन गेला. गझल लिहिणाऱ्या कुणालाही हा माणूस परका नाही. अरबी वृत्तांचं शास्त्र, ज्याला आपण अरूज म्हणतो, ते त्यानं उभं केलं. त्यानं पंधरा वृत्तं सांगितली, सोळावं नंतर अख्फश या व्याकरणकारानं जोडलं असं मानतात. फाइलातुन, मफाईलुन हे शब्द आपण वृत्त मोजायला वापरतो. त्या जागी फाइलातुन हाच शब्द यायला हवा असं नसतं. त्या घडणीचा कुठलाही शब्द चालतो. आपले य, म, त, र, ज, भ, न, स हे गण तेच काम करतात. शब्द कुठलाही असो, लघु-गुरूंचा साचा जुळला पाहिजे. हा साचा अरब देशांतून फारसीत आला, फारसीतून उर्दूत, आणि माधव जूलियनांनी तो मराठीत रुजवला.

खलीलनं अरबीतला पहिला शब्दकोशही रचायला घेतला, ‘किताब अल-ऐन’. त्याची रीत विलक्षण होती. अक्षरांच्या शक्य तेवढ्या जुळण्या करायच्या आणि त्यातली कुठली भाषेत वापरात आहे, कुठली नाही, ते नोंदवायचं. शब्द आठवून गोळा करायचे नाहीत, साचे मांडायचे आणि ते भरतात का पाहायचं. त्याचं एक निरीक्षण मला फार आवडतं. टोळ जातीचा किडा सलग आवाज करतो, त्याला अरब ‘सर्र’ म्हणाले. ससाणा तुटक आवाज करतो, त्याला ‘सरसर’ म्हणाले. आवाज लांबला तर अक्षर जोडलं, आवाज तुटला तर शब्द दुणावला. आपल्याकडेही साप सर्रकन जातो आणि पानं सरसर वाजतात. बसऱ्याच्या त्या पंडिताला आणि सांगलीच्या माझ्या अम्मीला एकच गोष्ट कळली होती, दोघांनाही एकमेकांचा पत्ता नसताना.

याच खलीलबद्दल एक आख्यायिका सांगतात. त्याच्यापुढं ग्रीक भाषेतलं एक गुप्त पत्र आलं. महिनाभरानं त्यानं ते उलगडलं. कसं, असं विचारल्यावर म्हणाला, पत्राची सुरुवात देवाच्या नावानं होणार, असं मी धरून चाललो. माहीत असलेला एक तुकडा हाती आला की बाकीची अक्षरं त्या तुकड्याच्या मदतीनं ओळखता येतात. ही आख्यायिका लक्षात ठेवा. पुढं ती मला उपयोगी पडली.

रहस्यकथा वाचणाऱ्यांना हे सगळं ओळखीचं वाटेल. १९०३ साली कॉनन डॉयलनं शेरलॉक होम्सची नाचणाऱ्या बाहुल्यांची कथा लिहिली. त्यात प्रत्येक बाहुली म्हणजे एक अक्षर. होम्सला पाच बाहुल्यांचा एक सुटा शब्द मिळतो. इंग्रजीत सर्वांत जास्त येणारं अक्षर ई, त्याची बाहुली त्यानं ओळखलेली असते. या शब्दात ती दुसऱ्या आणि चौथ्या जागी असते. अशा साच्यात बसणारे शब्द इंग्रजीत थोडेच. त्यातला ‘नेव्हर’, म्हणजे कधीच नाही, हा तो निवडतो आणि पुढची दारं उघडतात. आपल्या अननसाचंही तसंच आहे. खुणा कुठल्याही वापरा, चारांतल्या मधल्या दोन सारख्या असणारच.

पण ही सगळी झाली विद्वानांची आणि गोष्टींतली उदाहरणं. पुनरावृत्तीनं खरंखुरं मोठं गुपित फोडलं ते १९३२ च्या डिसेंबरात, पोलंडमध्ये. जर्मन सैन्याचं एनिग्मा हे यंत्र प्रत्येक अक्षरागणिक मुखवटा बदलायचं. त्यामुळं अल-किंदीची मोजणी तिथं चालत नव्हती, कारण एकाच अक्षराला दर वेळी वेगळी खूण मिळायची. पण संदेश पाठवणाऱ्याला त्या संदेशाची तीन अक्षरी किल्ली आधी कळवावी लागे. बिनतारी संदेशात खरखर असते, एखादं अक्षर ऐकू येत नाही, म्हणून नियम असा होता की ही किल्ली दोनदा टंकायची. तीन अक्षरं, आणि पुन्हा तीच तीन अक्षरं. यंत्रातून बाहेर पडताना ती सहा वेगवेगळी अक्षरं दिसत. पण मारियन रेयेव्स्की या तरुण पोलिश गणितज्ञाला ठाऊक होतं की पहिलं आणि चौथं मुळात एकच, दुसरं आणि पाचवं एकच, तिसरं आणि सहावं एकच. फ्रेंचांनी मिळवून दिलेली काही कागदपत्रंही त्याच्यापाशी होती. तेवढ्यावर त्यानं न पाहिलेल्या यंत्राच्या आतल्या तारांची जोडणी कागदावर मांडली. जर्मनांनी ही दुणावण्याची पद्धत १९४० च्या मे महिन्यात सोडली, तोवर बरंच पाणी वाहून गेलं होतं. खबरदारी म्हणून पुन्हा म्हटलेलं तेच घात करून गेलं.

आता काळ्या खिडकीतल्या त्या खुणा कुठून आल्या, ते पाहू.

१९५१ च्या उन्हाळ्यात स्टीफन क्लीनी हे अमेरिकन तर्कशास्त्रज्ञ कॅलिफोर्नियातल्या रँड या संस्थेत काम करत होते. मेंदूतल्या चेतापेशींचं जाळं गणितात मांडण्याचा एक प्रयत्न मॅकलक आणि पिट्स यांनी १९४३ मध्ये केला होता. असं जाळं कोणकोणते साचे ओळखू शकेल, हा क्लीनींचा प्रश्न. उत्तर लिहिण्यासाठी त्यांनी एक छोटी खूणभाषा तयार केली. हे किंवा ते, यानंतर ते, आणि हेच कितीही वेळा, एवढ्या तीन क्रियांवर ती उभी होती. तो निबंध १९५६ मध्ये छापून आला. त्या साच्यांना पुढं रेग्युलर एक्स्प्रेशन हे नाव रूढ झालं.

केन टॉम्प्सन या तरुण संगणकतज्ज्ञानं ही खूणभाषा कागदावरून उचलली. मजकुरात साचा शोधायची एक वेगवान रीत त्यांनी १९६८ मध्ये प्रसिद्ध केली. ते न्यू जर्सीतल्या मरे हिल इथं बेल लॅबोरेटरीजमध्ये होते. तिथंच १९६९ मध्ये त्यांनी आणि डेनिस रिची यांनी युनिक्सची सुरुवात केली. युनिक्समधल्या मजकूर-संपादकात, त्याचं नाव ईडी, शोधायची सोय होती. पण यंत्राची स्मृती तोकडी, मोठा मजकूर त्यात मावायचा नाही.

आणि इथं पुन्हा एक साहित्याची गोष्ट येते. ‘फेडरलिस्ट’ या नावानं ओळखले जाणारे ८५ निबंध अमेरिकेत १७८७-८८ मध्ये नव्या राज्यघटनेच्या बाजूनं छापले गेले. हॅमिल्टन, मॅडिसन आणि जे या तिघांनी ते लिहिले, पण सगळ्यांवर सही एकाच टोपणनावाची, पब्लियस. त्यातल्या बारा निबंधांचा लेखक हॅमिल्टन की मॅडिसन, हा जुना वाद. मॉस्टेलर आणि वॉलेस या दोन संख्याशास्त्रज्ञांनी १९६४ मध्ये बारीकसारीक शब्दांच्या मोजणीवरून मॅडिसनच्या बाजूनं कौल दिला. बेल लॅबोरेटरीजमधल्या ली मॅकमाहन यांना या निबंधांत शब्द शोधायचे होते. सगळे निबंध मिळून दहा लाखांहून जास्त अक्षरं, संपादकात मावेनात. ब्रायन कर्निगन हे त्यांचे सहकारी सांगतात, की टॉम्प्सननी संपादकातला शोधणारा भागच वेगळा काढला आणि त्याची स्वतंत्र आज्ञा केली. ती १९७३ च्या युनिक्समध्ये आली. संपादकात ‘सगळीकडे हा साचा शोध आणि छाप’ असं सांगायला जी, आरई, पी अशा खुणा लिहीत. त्या जोडून नाव झालं ग्रेप. हा लेख कुणाच्या हातचा, या प्रश्नासाठी ज्याचा उपयोग झाला, तेच हत्यार माझ्या घरी अम्मीचे शब्द शोधायला बसलं होतं.

एक गोष्ट मात्र क्लीनींच्या मूळ खूणभाषेत नव्हती. ‘पुन्हा तेच’ हे तिला म्हणता येत नसे. ‘कितीही वेळा क’ असं तिला म्हणता येई. पण ‘आधी काहीही येऊ दे, कितीही लांबीचं, आणि मग तेच जसंच्या तसं’ हे म्हणता येत नसे. कारण ते म्हणायला आधी काय आलं हे लक्षात ठेवावं लागतं, आणि क्लीनींच्या यंत्राकडं मोजकीच स्मृती होती. कंस आणि आकडा ही जोडी युनिक्सच्या साधनांत पुढं आली ती हीच उणीव भरायला. इंग्रजीत ‘बुककीपर’ हा शब्द आहे. त्याच्या स्पेलिंगमध्ये दोन ओ, दोन के, दोन ई असे तीन जोड एकापाठोपाठ येतात. शब्दांच्या यादीतून असे शब्द एका ओळीच्या आज्ञेनं काढायचा खेळ संगणकवाले आवडीनं खेळतात. पण या सोयीची किंमत पडते. आल्फ्रेड आहो, याच बेल लॅबोरेटरीजमधले, यांनी लिहिलेल्या ग्रेपच्या जलद भावंडात ही सोय नव्हती. १९९० मध्ये त्यांनी दाखवून दिलं, की आठवणीचे असे कंस वाढत गेले तर हा प्रश्न ज्यांना कायमचं झटपट उत्तर आजवर सापडलेलं नाही अशा अवघड प्रश्नांच्या पंगतीत जाऊन बसतो.

मला हे वाचून बरं वाटलं. गझलेत मतल्यात कवी काफिया-रदीफ सांगून ठेवतो आणि ऐकणारा ते मनात धरून बसतो. पुढच्या शेराची दुसरी ओळ संपताना तेच येतं, तेव्हाच दाद मिळते. मतला ज्यानं लक्षात ठेवला नाही, त्याला रदीफ हे नुसतं पुन्हा म्हटलेलं वाटेल. यमक ओळखायला आधी आठवावं लागतं. यंत्रालाही त्यातून सुटका नाही.

आता पुन्हा सांगलीला. भाच्यानं आज्ञा दिली. डोळ्याची पापणी लवायच्या आत उत्तर आलं आणि आम्ही दोघं हसलो. सगळ्यात आधी निघाल्या त्या आडव्या रेघांच्या ओळी! टाइप करणाऱ्यानं दोन कवितांच्या मध्ये रेघा मारल्या होत्या. रेघ, पुन्हा रेघ. यंत्राच्या लेखी तेही ‘पुन्हा तेच’. रेघा गाळल्यावर शंभरावर शब्द राहिले. मग त्यानं प्रत्येकापुढं ओळीचा क्रमांक मागितला. बरेच शब्द इकडंतिकडं विखुरलेले होते, कवितांत आणि पत्रांत. पण एका ठिकाणी क्रमांक ओळीनं लागले. एक ओळ, एक शब्द. मध्येमध्ये क्रमांक गळत होते. ते गळणारे म्हणजे गडबड, लगबग, रिमझिम या जातीचे शब्द असणार. त्यांचे दोन भाग सारखे नसतात, म्हणून साच्यातून निसटतात. एक अक्षर वाचता येत नव्हतं, तरी माझी वही कुठून कुठवर आहे हे समजलं होतं.

कुलूप उघडायचं राहिलं होतं. तेव्हा मला खलीलची आख्यायिका आठवली. माहीत असलेला तुकडा हवा. माझ्याजवळ तो होता. फाइलीत माझ्याच गझला होत्या आणि मला त्या पाठ आहेत. गझलेचा सांगाडा लपत नाही. पहिली आणि दुसरी ओळ सारखी संपते, मग चौथी, सहावी, आठवी. भाच्यानं शेवटाशी सारख्या असलेल्या ओळी काढल्या. एके ठिकाणी पहिली, दुसरी, चौथी असं करत चौदावीपर्यंत जुळलं. सात शेरांची, लांब रदीफ असलेली गझल मी एकच लिहिली आहे. मी ती म्हणायला लागलो आणि तो एकेका खुणेपुढं मराठी अक्षर लिहायला लागला. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी साठवली होती, अर्धी अक्षरं वेगळी होती, काना सुटा होता. दोन रविवार गेले. दुसऱ्या गझलांनी उरलेली अक्षरं दिली, राहिलेली पत्रांमधून निघाली. तिसऱ्या रविवारी सगळी फाइल मराठीत पडद्यावर आली. अर्थात युनिकोडमध्ये, म्हणजे आता तिला मुखवट्याची गरज नाही.

युनिकोडमध्ये देवनागरी पहिल्यापासून, १९९१ पासून आहे. भारतीय लिप्यांसाठी आधी बनवलेल्या इस्की या सरकारी मानकावर तिची मांडणी बेतलेली आहे. भाचा म्हणाला, आता नीट मराठी झालं, पुन्हा शोधू. त्यानं ‘एक अक्षर आणि लगेच तेच’ असा साचा दिला. ममता आली, अननस आला. पक्का आला नाही. अम्मी आली नाही. मी चक्रावलो. दोन म एकमेकांना चिकटलेले डोळ्यांना दिसताहेत आणि यंत्र म्हणतं नाहीत! मग त्यानं उलगडून दाखवलं. संगणकाच्या पोटात अम्मी म्हणजे अ, म, पाय मोडल्याची खूण, म आणि वेलांटी. दोन म च्या मध्ये हलन्त बसलेला. आपल्याला जोडाक्षर दिसतं, त्याला मधली फट दिसते. तसंच काका हा आपल्याला दोन अक्षरांचा, त्याला चार खुणांचा. क, काना, क, काना. साचे इंग्रजीसाठी घडले, आपल्याला ते आपल्या लिपीच्या अंगानं पुन्हा मापून घ्यावे लागतात.

मापून घेतल्यावर एक गंमत झाली. ‘दोन खुणा आणि पुन्हा त्याच दोन’ असा साचा दिला, तर माझ्या पत्रांतून काका, मामा, दादा, नाना, बाबा निघाले. ‘अक्षर, हलन्त आणि तेच अक्षर’ असा दिला, तर पक्का आणि सच्चा यांच्या पाठोपाठ अम्मी, अब्बा, अण्णा, अप्पा, अक्का एका रांगेत आले. आमच्या गल्लीत ही सगळी माणसं अशीच शेजारी शेजारी राहत होती. त्यात कुणाचं घर कुठल्या धर्माचं हे विचारायची खूण त्या भाषेत नाही. फक्त मी सुटलो. भाचा मला मामू म्हणतो. मामा साच्यात बसतो, मामू बसत नाही.

अम्मीची यादी मी कागदावर उतरवून घेतली आणि वाचत बसलो. एकेक शब्द वाचला की एकेक प्रसंग आठवे. फणफण म्हणजे माझा ताप आणि कपाळावर तिचा हात. ठणठण म्हणजे महिन्याच्या शेवटी धान्याचा डबा. हळूहळू सगळे ओळखीचे झाले. एक सोडून.

तो शब्द आहे ‘निळनिळ’. अक्षरं दोनदा तपासली, चूक नाही. माझ्या जवळच्या कोशांत तो मिळाला नाही. बहिणीला विचारलं, तिला आठवत नाही. संध्याकाळ उतरताना अम्मी तसं म्हणायची का? की मार बसून पडलेल्या वळाला? की नुसता एखादा आवाज? मी त्या वेळी वहीत तो लिहिला, म्हणजे मला अर्थ ठाऊक होता. इतका ठाऊक, की लिहून ठेवावासा वाटला नाही. यंत्रानं शब्द शोधून दिला. अर्थ माझ्याकडं ठेवायला दिला होता, तो मी हरवला.

भाच्यानं आता त्या यादीत प्रत्येक शब्दापुढं एक रिकामा रकाना केला आहे. मी रोज दोन-तीन अर्थ लिहितो, मला आठवतात तसे. तुमच्या घरी कुणी वडीलधारं असेल आणि ‘निळनिळ’ हा शब्द त्यांच्या तोंडी असेल, तर ते कशाला म्हणतात तेवढं विचारा आणि आकाशवाणीच्या पत्त्यावर मला एका कार्डावर कळवा. त्या शब्दापुढचा रकाना मी अजून मोकळा ठेवला आहे.